क्षेत्र सतरा

नगरपालिकेच्या यादीत ही जागा
‘क्षेत्र सतरा, झुडपी’ एवढीच.
एकवीस वर्षं मी एझरकाल्न्सचं गवत कापतो:
शाळेचं, चर्चचं, सैनिकांच्या स्मारकाचं.
दुपारी क्षेत्र सतराच्या कडेला यंत्र बंद करून
डबा उघडतो.
राईचा पाव, काकडी, उकडलेलं अंडं.
पाठ टेकायला एक दगड होता, बरा.

मे महिन्यात थेल्माबाई आल्या, पोर्ट एलिझाबेथहून.
वय एक्याऐंशी, पायात माळ्याचे बूट,
हातात आजोबांनी आठवून काढलेला नकाशा:
तळं, पाणचक्की, आणि एक चौकोन,
आत काहीच न लिहिलेला.
“इथे,” म्हणाल्या. बोट माझ्या डब्यावर.

मी उठलो. वळून पाहिलं.
दगडावर दोन हात कोरलेले,
अंगठ्याला अंगठा लावून
आशीर्वाद देणारे.
एकवीस वर्षं,
माझ्या पाठीला.

मग उन्हाळाभर आम्ही अल्डरची झाडं तोडली,
अंगावर फोड उठवणारं ते दांडगं गवत
हातमोजे घालून मुळाशी छाटलं.
रीगाहून आलेले रब्बी म्हणाले, खणायचं नाही,
जे पडलंय तेच उचला.
लिओन्तीने बाईंनी आठवीची पोरं आणली, एक आरसा आणला.
ऊन तिरपं पाडलं की
पुसलेलं अक्षर वर येतं,
तळाचा मासा येतो तसं, आणि पुन्हा जातं.
पोरं ओरडायची: धर, धर, हलवू नकोस!

खालची पाच अक्षरं बहुतेक दगडांवर तीच.
थेल्माबाईंनी अर्थ सांगितला:
जिवंतांच्या गाठोड्यात हिचाही जीव बांधलेला असो.
गाठोडं म्हटल्यावर
सगळे जरा गप्प झाले.
एकेचाळीस साली ज्यांना बाजारात उभं केलं
त्यांना एकेकच गाठोडं घ्या म्हणून सांगितलं होतं.
हे शाळेत कुणी शिकवलं नाही,
पण गावात ठाऊक नाही असंही कुणी नाही.

ऑगस्टात एका संध्याकाळी ब्रोनिस्लाव्स आला,
ढकलगाडीत गोठ्याचा उंबरा घेऊन.
“आईनं पालथा घातला होता,” एवढंच बोलला.
“तेव्हा सगळेच नेत होते.”
दगड उलटा केला.
पाठ बुटांनी झिजून बशीसारखी झालेली,
तोंड मात्र कालच कोरल्यासारखं:
दोन मेणबत्त्या, त्यातली एक मोडकी,
ब्राइना, झेलिकची लेक.
“कोण होती?” त्यानं विचारलं.
कुणालाच माहीत नव्हतं. म्हातारा चिडला.
“पंच्याहत्तर वर्षं माझ्या दारात होती,” म्हणाला,
“आणि तुम्हांला माहीत नाही?”

सप्टेंबरात फाटक बसलं, रंग ओला.
त्या प्रार्थनेला दहा पुरुष लागतात.
आले नऊ.
दहाव्याची बस रेझेक्नेच्या अलीकडे बंद पडली होती.
ऊन झाडांच्या शेंड्यांवर जाईपर्यंत वाट पाहिली,
कुणीतरी पुन्हा पुन्हा मोजत राहिलं,
मोजून काही नवाचे दहा होत नाहीत.
ती प्रार्थना राहिली.
स्तोत्रं म्हटली. मग थेल्माबाईंनी नावं वाचली,
वाचता आली तेवढी.
ज्यांची आली नाहीत, त्या प्रत्येक दगडापाशी थांबून
नुसतं म्हणाल्या, “आणि तू.”
चाळीस वेळा. “आणि तू.”
माझे गुडघे दुखले, त्यांचे दुखले नसतील का?

दुसऱ्या दिवशी दुपारी
एक माणूस पायीच फाटकातून आत आला,
खांद्याला पिशवी, दाढीत धूळ.
“मी दहावा,” म्हणाला. “उशीर झाला ना?”

त्या जागी उशिराबद्दल काय बोलावं
मला सुचेना.
डब्यात एकच अंडं होतं, ते पुढे धरलं.
त्यानं माझ्याकडे रोखून पाहिलं.
“दफनाहून परतलेल्याला आम्ही हेच देतो. तुला कुणी सांगितलं?”

कुणी नाही, म्हटलं. डबा आहे माझा.

तो हसला, की काय झालं त्याला कोण जाणे.
फाटकाशी उभा राहूनच त्यानं अंडं सोललं,
टरफलं मुठीत धरून ठेवली, खाली टाकली नाहीत.