गंगाळातलं पाणी

रविवारचं वाचन माझ्याकडे असतं.
आवाज चांगला आहे माझा, आणि ते मला माहीत आहे,
हीच अडचण.
त्या दिवशी धडा होता कमरेला रुमाल बांधल्याचा,
बारा जणांचे पाय धुतल्याचा.
'गंगाळ' या शब्दापाशी मी जरासा थांबलो,
मागच्या बाकावरची पोरंसुद्धा चिडीचूप.
पाळक म्हणाले, म्कांदाविरे,
तुम्ही वाचता तेव्हा पाणी ऐकू येतं.

तीन दिवस ते वाक्य खिशात घालून हिंडलो.
त्याच खिशात हापशाची किल्ली होती.

कुलूप लावायचं ठरलं ते माझ्याच अध्यक्षतेखाली.
पोरं दांडा मोडतात, पलीकडच्या गावचे रात्री येतात,
तेव्हा सहाला उघडायचं, आठला बंद.
ठराव एकमताने. वहीत माझी सही.

बुधवारी मंडळीची बैठक.
महिन्याअखेर पाहुणे यायचे होते,
कुणी कुठे बसायचं, एवढाच विषय.
गादीच्या खुर्च्या तीन, आम्ही वडील पाच.
दोन तास नम्रतेवर बोललो.
जो तो म्हणाला, मी आपला मागे बसेन,
म्हणजे कुणीतरी हाताला धरून पुढे न्यावं, अशा बेताने.

बाहेर आलो तर ऊन सरोवरावर पांढरंफटक,
मांडवांवर वाळणाऱ्या उसिपाचा वास,
आणि हापशाशी न्यागोंद्वे,
बादली उपडी घालून तिच्यावर बसलेली.
नातवाला पहाटेपासून हगवण.
मीठसाखर होती घरात, पाणी नव्हतं.
सरोवराचं पाजू नको, नर्सबाईने बजावलेलं.

"हाक का नाही मारलीस?"
"म्हटलं, प्रार्थना चालली असेल."

किल्ली लागेना. तिनेच कुलूप धरलं.
मी हापसत राहिलो, कोट घालूनच,
ती पाण्याकडे बघत म्हणाली, एक विचारू?
तुम्ही वाचलंत त्या गंगाळात
पाणी कुणी भरलेलं?

"प्रभूने ओतलं. तसं लिहिलंय."

"ओतलं, ते ऐकलं मी.
पण माडीवरची खोली ना ती?
जिना चढून वर कुणी नेलं?"

तिला अक्षर येत नाही.
डोक्यावर बादली घेऊन ती गेली, उत्तरासाठी न थांबता;
पोर घरी वाट बघत होतं.

रात्री कंदील ओढून पानं चाळली.
दुसऱ्या शुभवर्तमानात सापडला एक माणूस,
पाण्याचं मडकं घेतलेला, रस्त्यात भेटणारा.
त्याच्या मागे जा, एवढंच सांगितलंय.
नाव नाही. तोंडी एक शब्द नाही.
तीस वर्षं मी ती ओळ ओलांडली होती
डबकं ओलांडावं तशी, धोतरजोडा नव्हे, विजार सावरून.

आता किल्ली आंब्याच्या खिळ्याला असते, कुणीही घ्यावी.
दांडा महिन्यात मोडला, मी म्हटलं होतं तसाच.
हे सांगताना मला अजून बरं वाटतं;
बघा, कुठवर आलोय मी.

पाहुणे आले त्या रविवारी मी हापशावर होतो,
त्यांच्या हात धुण्याच्या बादल्या भरत.
कुणी बघतंय का, हे दोनदा बघितलं.
आत न्यागोंद्वेची धाकटी वाचत होती,
नावांना अडखळत, एक ओळ दोनदा.
दांडा खाली जाई तेव्हा
तिचे अर्धे शब्द बुडत.