पोच

फेस्टी मलकेरिनचं पत्र आज माझ्याच थैलीत होतं.
लिफाफ्यावर हार्प उठवलेला, म्हणजे सरकारी.
तो नुसता अंगठा फिरवून ओळखतो;
एकेचाळीस वर्षं असले लिफाफे
लोकांच्या दारांतून आत सरकवलेत त्याने.

"तूच वाच. माझा चष्मा नोरीनने ठेवलाय कुठेतरी."
नोरीनला जाऊन तीन हिवाळे झाले.

मी वाचलं:
आपल्या प्रकरणाची नोंद घेण्यात आली आहे.
डब्लिनच्या सभागृहात खासदारबाईंनी प्रश्न विचारला,
मंत्र्यांनी लेखी उत्तर दिलं.
पेन्शन टपाल कंपनी देते, तिला मंजुरी खातं देतं,
खात्याला संमती दुसरं खातं देतं,
आणि दुसरं खातं
पहिल्याच्या अभिप्रायाची वाट बघतंय.

फेस्टीने किटली चढवली.

भांडण अकरा वर्षांचं.
सुरुवातीची अकरा वर्षं तो हंगामी होता,
इनिशगार्व बेटाचं टपाल होडीने न्यायचा.
होडी लागली तर दिवस भरला.
धक्का वीस हातांवर असताना
लाटेने मागे फेकलेला माणूस
कागदावर घरी बसलेला असतो.

ते दिवस सिद्ध करा म्हणतात.

आणि त्याच्याकडे वही आहे.
हिरवा पुठ्ठा, मेणकापडाची घडी.
रोजची भरती, रोजचा वारा, शेवटी एकच शब्द:
लागलो. परतलो. परतलो. लागलो.
कुठे कुठे एखादी जास्तीची ओळ:
'परतलो. थैलीत काळ्या कडेचा लिफाफा, सिसी कॉनीलीसाठी.
तिला अजून एक दिवस मुलगा आहे.'

एवढ्यावर भागलं असतं.
पण जानेवारीच्या वादळाने बेटाचा धक्का मधोमध मोडला,
आणि नव्या धक्क्याला परवाना लागतो,
कारण भरतीच्या रेघेपासून ओहोटीच्या रेघेपर्यंतची
जमीन सरकारची.
दिवसातून दोनदा बुडते,
मालकी तेवढी कोरडी राहते.
परवानेवाल्यांनी विचारलं:
या किनाऱ्याच्या लाटांची जुनी, सलग नोंद
आहे का कुणाकडे? मूळ प्रत जोडावी.

चर्चबाहेर सगळ्यांनी एकदम फेस्टीकडे पाहिलं.

वही एक, टेबलं दोन.
फोटोकॉपी दोघांनाही चालत नाही.
एका टेबलावरून ती दुसऱ्यावर कधी येईल
म्हणून मी तीनदा फोन केला,
ताकास तूर लागू दिली नाही कुणी.
एका मुलीने तर मलाच विचारलं,
'आपण नक्की कोणत्या समुद्राबद्दल बोलताय?'

"फेस्टी, अकरा वर्षांचे पैसे आहेत," मी म्हटलं.
"छप्पर बघ जरा. तेलाचं बिल बघ."

तो पानं उलटत राहिला,
एखाद्या पानाला नाक लावून.

"माझं 'परतलो' मोजून
आठवड्याला एकोणीस युरो देतील.
धक्का झाला तर दुसरं कुणी 'लागलो' लिहील.
शिवाय पेन्शनवाले माझ्या मरणाची वाट बघतायत,
आणि मला तशी घाई नाही."

मेणकापड घट्ट बांधलं. दोरीला तीच जुनी गाठ,
जी आम्हाला आता शिकवत नाहीत.
तळहातावर तोलून म्हणाला, "चारशे दहा ग्रॅम."
गाडीतल्या काट्यावर चारशे बारा भरली.
"दोन ग्रॅम मीठ," तो म्हणाला,
आणि पैसे मोजून दिले, सवलत नको म्हणून.

पोचपावतीच्या कार्डावर स्वतःचा पत्ता घातला.
दुसऱ्यांचे पत्ते लिहिणारा हात, स्वतःच्या नावाशी जरा अडखळला.
"सही करेल ना तिकडे कुणीतरी?"
"करावीच लागते," मी म्हटलं.
तो माझ्याकडे बघत राहिला,
नव्या पोस्टमनकडे बघावं तसा.

बाहेर ओहोटी लागली होती.
सरकारी जमीन लांबवर उघडी पडलेली,
आणि तिच्यावर दोन बगळे,
विनापरवाना.