छेद लहान झाल्यावर

चौथी ब. पत्र्याखालचा वर्ग.
पंखा दीड वर्षापासून बंद आहे
(हे दीड मी उदाहरणात घेत नाही).

फळ्यावर भाकरी काढली, गोल,
एक उभी, एक आडवी रेघ,
एका तुकड्यात तिरके फराटे. किती?
"पाव!"
पाव सगळ्यांना येतो.
पाव किलो साखर, पावशेर दूध,
आणि मागून कुणीतरी, "वडापाव!"
हशा ओसरेपर्यंत मी खडू झटकत राहिले.

मग विचारलं, एक तृतीयांश मोठा की एक चतुर्थांश?
अठ्ठावीस हात वर. चतुर्थांश, बाई!
चार मोठे ना तिनापेक्षा.
बावीस वर्षं मी हेच उत्तर खोडते आहे
आणि घरी जाताना दर वेळी वाटतं,
घरात चार माणसं असणं
तिघांपेक्षा मोठंच असतं की.

दुसऱ्या दिवशी खरी भाकरी नेली,
कडक, शेंगाचटणीच्या पुडीसकट.
पुस्तक म्हणतं, समान भाग करा.
कडक भाकरी पुस्तक वाचत नाही.
अंगठा टेकवला तर पाच तुकडे झाले,
दोन सारखे म्हणून नाहीत,
आणि टेबलभर चुरा.

"चुरा कुणाच्या वाटणीचा?"
अंबादास कुडक्यालनं विचारलं.
मी म्हटलं, चुरा धरायचा नाही.
"कारखान्यात धरत्यात बाई.
आई हजार विड्या वळती,
त्यातल्या पन्नास छाट काढत्यात.
त्येचे पैसे नाहीत."
पन्नास छेद हजार, मी लिहिलं.
शून्य खोडलं, पाचानं भाग दिला.
एक छेद वीस.
तो बघत राहिला.
"लहान दिसायलंय. पण तेवढंच हाय ना?"
तेवढंच आहे, अंबादास.
यालाच सममूल्य म्हणतात.

तिसऱ्या दिवशी चादर.
माझ्याच पलंगावरची, काठ विटलेली.
या पोरांना घडी शिकवावी लागत नाही,
चार कोपरे चौघांनी धरले:
अर्धी. पाव. अर्धपाव.
कापड ऐकतं.
"आता तीन सारखे भाग."
इथं मात्र घडी घसरली,
एकीकडे पट्टी उरली, दुसरीकडे कमी पडली,
"काय बे, नीट धर की" सुरू झालं.

तेव्हा भाग्यलक्ष्मी मेरगू उठली.
जूनपासून मराठीत दहा वाक्यं बोलली असेल,
अर्ध्याला अजून सगम म्हणते.
तिनं चादर फरशीवर पसरली
आणि सरळ मधोमध आडवी झाली.
डावीकडे हात ठेवला: "हितं अक्का."
उजवीकडे: "हितं अन्ना.
मी मधी."
मी पट्टीनं मोजलं.
मधला भाग चार बोटं जास्त भरला.
"मधलीचं कुणी ओढत नाही बाई,"
ती पडल्या पडल्या म्हणाली.

जानेवारीत चाचणी झाली.
प्रश्न तिसरा, दोन गुण:
एक द्वितीयांश आणि एक तृतीयांश,
मोठा कोणता? कारण लिहा.

काल रात्री पेपर तपासत होते.
बहुतेकांनी गोल काढले होते, काहींनी भाकरी,
एकानं नुसतंच "बाईंनी सांगितलं म्हणून."
तिचं अक्षर बारीक, ओळ सोडून चढत जाणारं:

एक द्वितीयांश मोठा.
कारण अन्ना भिवंडीला मागावर गेला.
आता चादरीत दोघीच.
मला जास्त येते.
थंडी पण जास्त वाजते.

उत्तरसूचीत लिहिलंय,
छेद लहान झाला की अपूर्णांक मोठा होतो.
म्हणजे बरोबरच. दोनपैकी दोन.
तरी लाल पेन शेवटच्या ओळीवर थांबलं.
तिच्यावर बरोबरची खूण करवेना,
खोडण्याजोगं तर काहीच नव्हतं.

ओळीखाली एक आडवी रेघ मारली,
अंशाखाली मारतात तशी.
रेघेखालची जागा
कोरीच ठेवली.