मापांची वही

सावद्याला, स्टँडमागच्या गल्लीत माझं मशीन.
बावीस वर्षं ब्लाउज शिवते.
मापं शाळेच्या वहीत:
नाव, तारीख, छाती, कंबर, दंड.

प्रमिलाबाई नेहेते, पान तेवीस.
संक्रांतीला छाती छत्तीस.
आखाजीला अडतीस. पोळ्याला बेचाळीस.
घरचे म्हणत, केळीला भाव आला, सुख अंगी लागलं.
जाऊ म्हणे, रातच्याला उठून खाते.
तिनं भात सोडला, गूळ सोडला,
भरतावरचं तेल बोटानं निथळून टाकलं,
पहाटे देवळाला अकरा फेऱ्या.
"मी तं काईच खात नही वं बाई," टेप कमरेला असताना म्हणाली,
"मंग हे येतं कुठून?"

मला काय ठाऊक.
पण दंडाशी हात अडला.
अकरा होता, साडेनऊ भरला.
पुन्हा मोजला.
बाई भरते तेव्हा दंडही भरतो,
ही बाई मधेच भरत होती, कडांना आटत होती.

गावात थायरॉइड तपासून झालं होतं, ठीक.
साखर जरा वर. चाला, कमी खा.

जळगावला डॉक्टर झांबरेंनी
वजनकाट्याकडे आधी पाहिलंच नाही.
"हात न टेकता खुर्चीतून उठा."
प्रमिलाबाई हसली. उठता येईना.
मग जुना फोटो मागितला,
चेहऱ्याशेजारी चेहरा धरला.
पोटावरचे जांभळे चट्टे पाहिले,
हातावरचे काळेनिळे डाग, कुठं आपटलं तेही न आठवणारे.
मी पिशवीतून वही काढली.
त्यांनी पान तेवीस दोनदा वाचलं,
दंडापाशी बोट ठेवून.

"गुडघ्यांसाठी काही घेता?"
"बाजारातल्या बाबाची पुडी. झाडपाल्याची हाये.
मले लय गुन आला."
"कधीपासून?"
"मागच्या दिवाळीपासून."

सकाळी आठला रक्त घेतलं.
कॉर्टिसोल जवळजवळ नाहीच.
पुडीत स्टेरॉइड असणार, त्या म्हणाल्या,
बाहेरून येतंय म्हटल्यावर
शरीरानं आपलं दुकान बंद केलं.

"फेकून देऊ पुड्या?"
"एकदम थांबलात तर जिवावर बेतेल.
मी मोजून गोळी देते, ती हळूहळू उतरवू.
वर्षही लागेल. वजन सगळ्यात शेवटी."

एसटीत ती खिडकीकडे तोंड करून.
भुसावळजवळ तापी ओलांडताना म्हणाली,
"म्हंजे मी खादाड नव्हते."
मी तिकिटाची घडी करत राहिले.
जावेला दोन दिवस काही बोलली नाही.
तिसऱ्या दिवशी ओट्यावर उभी राहून सांगितलं,
पलीकडच्या गल्लीलाही ऐकू जाईल असं.

नवा ब्लाउज बेचाळीसचाच बेतला.
शिलाईच्या आत जादा कापड ठेवतो,
त्याला आम्ही माया म्हणतो.
इतरांची उसवत उसवत संपते.
हिची, टाका आत घेत गेले
तशी वाढत गेली.

पान भरलं. चोवीसवर तिचंच नाव.
या वेळी दंड आधी लिहिला:
पावणेदहा.