पितळेची खिट्टी

बर्फ जाऊन तीन आठवडे झाल्यावर
मी इंजिन शेडच्या आढ्यावरून खाली घेतलं.
एकोणीस किलो. गेल्या वर्षीही एकोणीसच होतं म्हणे,
माझ्या पाठीला ते मान्य नाही.

पिंपात पाणी भरलं, कडेला इंजिन अडकवलं.
प्लग काढून लोखंडाला टेकवला, दार लोटून अंधार केला,
दोरी ओढली. ठिणगी निळी हवी. पिवळी आली.
मग फ्लायव्हीलच्या खिडकीतून पॉइंट्सच्या फटीत
फेरीच्या जुन्या तिकिटाची कड सरकवली,
हलकेच ओढली, दात कोरावेत तशी.
खालच्या पेटीतलं वंगण बोटावर घेतलं.
ताकासारखं पांढरं असतं तर पाणी शिरलंय म्हणायचं.
काळं होतं. बरं.

पेट्रोल वीस, तेल एक.
टाकीच्या झाकणाखाली हे मीच खिळ्याने कोरलंय.
वाल्देमार मोजत नसे. अंदाजाने ओततो म्हणायचा.
त्याच अंदाजाने तो एक्याऐंशी साली तुर्कूला गेला,
औषधाच्या दुकानातल्या रौनीकडे,
आणि इंजिन न्यायचं विसरला.

परवा मंगळवारी आला, पिवळ्या फेरीने,
छातीत पेसमेकर, पायात शहरी बूट.
"माझं इंजिन अजून आहे म्हणे तुझ्याकडे.
स्टॉकहोममध्ये एक जण बाराशे देतो."
आहे, म्हटलं. बस नावेत. दाखवते.

दोरीला तीन वेढे. चोक बाहेर.
पहिल्या ओढीला ते खोकतं, दुसरीला गप्प राहतं,
तिसरीला शिवी घालावी लागते, तीही स्वीडिशमधून,
फिनिश त्याला कळत नाही.
मग निळा धूर, आणि मागच्या भोकातून
शिवणाच्या दोऱ्याएवढी पाण्याची धार.
आधी धार बघायची, मग पुढचं बोलायचं.
पलीकडच्या बेटावर इंगेगेर्दचा कुत्रा भुंकला.
त्याला हा आवाज ओळखू येतो.

वाल्देमार खूश झाला. "माझंच इंजिन," म्हणाला,
सुकाणूच्या दांड्याकडे हात नेला.
मी दिला. का दिला, कोण जाणे.

हवेचा दाब चढला की इथलं पाणी हातभर उतरतं,
आणि ज्या खडकाला नकाशात नाव नाही
त्याचं डोकं पाण्यापासून वीतभर खाली येतं.
त्याला हे माहीत असायचं, पूर्वी.

कट्.
इंजिन उगाच किंचाळलं, नाव थांबली.
मी ते बंद केलं, वर उचललं.
"वल्ही धर," म्हटलं, "खडकावर नको जाऊ देऊस."
पंख्याची सुई काढली, पंखा मांडीवर,
मोडक्या खिट्टीचे दोन तुकडे खिळ्याने ठोकून बाहेर,
तपकिरीच्या डबीतून नवी खिट्टी आत.
पितळेची. मऊ. नखाने ओरखडा उठावा इतकी.

तो बघत होता.
एकोणऐंशीत याच खाडीत दोनदा खिट्टी तुटली
तेव्हा त्याने वैतागून पोलादी खिळा ठोकला होता.
सारखी मोडणारी वस्तू त्याला आवडत नसे.
खिळा नाही मोडला. आतल्या गिअरचे दात गेले, सगळे.
नवे गिअर मला सहा वर्षांनी मिळाले,
ह्यूवुदशेरच्या एका मेलेल्या माणसाच्या कोठारात,
दोन टोपल्या सुकवलेल्या माशांच्या बदल्यात.
हे मी त्याला सांगितलं नाही.
वल्ही मारताना त्याला धाप लागली होती.

"मी तेव्हा..." तो म्हणाला, आणि थांबला.
नावेत पाणी आलं होतं, त्याचे बूट भिजले होते.
मी डबा दिला. त्याने पाणी उपसलं,
पुष्कळ वेळ, पाणी संपल्यावरही थोडं.

"डबीत अजून किती आहेत?"
"अकरा."

गरम असलं की ते पहिल्याच ओढीला लागतं.
लागलं.
धार पाहिली. दांडा माझ्या हातात होता.
सहाच्या फेरीला अजून चाळीस मिनिटं होती,
म्हणून मी त्याला लांबच्या वाटेने नेलं.