पाणी बोलेपर्यंत

मे महिना, पारा पंचेचाळीसवर,
आणि मी परसात चूल पेटवते.
ज्योत्स्ना कुंपणावरून विचारते, काय गं, लगीनघर आहे का?
नाही म्हटलं, मथाबाईचं न्हाणं आहे.

निरगुडी बोरीच्या काठची,
ऊन चढायच्या आत खुडलेली.
एरंडाची चार पानं, करंजाची मूठभर,
कडुनिंब दारातलाच.
पऱ्हाट्या तडतडतात, धूर आधी डोळ्यांत,
मग गल्लीत.
उतरवू का?
"घाई नको करू व माय. पानीले आधी बोलू दे."

पाणी बोलतं म्हणजे काय, मला अजून कळलेलं नाही.
ती हंड्याकडे पाठ करून बसते
आणि मध्येच म्हणते, हां.

बहादरपुरात या हातांखालून न गेलेलं
चाळिशीच्या आतलं माणूस विरळा.
सरपंच, पोस्टातला वाल्मीक, दोन्ही कंडक्टर,
सगळ्यांना तिनं पायांवर पालथं घालून
कोपरानं पाणी जोखून
रडवलंय.

गेल्या भादव्यात चिकनगुनिया आला.
ताप गेला, बोटं तशीच राहिली,
ओल्या दोरीची वाळलेली गाठ.
पारोळ्याच्या डॉक्टरच्या गोळ्या चालू आहेत.
"मना हात मालेच वयखतस नही," म्हणाली
आणि चहाचा कप दोन मनगटांत धरून प्यायली.

मी ब्लाउज शिवणारी बाई, मला पाल्यातलं काय कळतं?
एवढंच, की एका वर्षी
मी दवाखान्यातून रिकाम्या हातांनी आले.
पाळणा माळ्यावर गेला.
न्हाऊ घालायला कुणाला बोलावणं धाडलं नाही,
बाळच नाही तर बाळंतीण कसली.
दुसऱ्या दिवशी मथाबाई दारात, ओच्यात पाला.
कुणी काही बोलायच्या आत चूल पेटली.
सव्वा महिना. रोज.
दगड झालेल्या छातीवर शेकलेली पानं ठेवायची,
कंबर आवळून बांधायची,
नाव घ्यायची नाही, ना देवाचं ना नशिबाचं.
एकदाच म्हणाली,
"रडी ले. पानी पडस तवलोंग कोनले ऐकू येत नही."

आता पाटावर ती. पाठ केवढीशी,
मणके मोजता येतील असे.
मी कोपर बुडवते.
गरम आहे का फार?
"तुना कोपरले इचार."
तांब्या कलतो. कडू, हिरवा,
थोडा मिऱ्यासारखा वास मोरीभर.
मग घमेल्यात तिचे हात,
काळपट पाण्याच्या तळाशी
मी एकेक बोट सोडवत बसते,
चुकलेली टीप उसवावी तसं, धागा न तोडता.

आज अकरावा दिवस.
दुखणं गेलं म्हणणार नाही.
पाला, गोळी की नुसता शेक, कोण जाणे.
पंचा पिळायला घेतला तर तिनं ओढून घेतला.
पिळला.
तीन थेंब पडले. चौथ्याला वेळ लागला.

तो पंचा माझ्या खांद्यावर टाकून
ती पाटावरून उठली.
"आते तू बस," म्हणाली,
"पानी उरनं शे."