नीसिया

सेमिनारच्या खोलीतला हीटर एकाच बाजूनं तापतो.
आम्ही सात जण दर गुरुवारी जागा बदलून
ऊब वाटून घेतो. वितरणाचा एवढा एकच प्रश्न
आम्ही वर्षभरात पुरता सोडवलाय.

बादरी सर विचारतात, मूल्य म्हणजे काय?
आणि खडूचा हात कोटाला पुसत
खिडकीतून तिबिलिसीच्या रहदारीकडे बघत राहतात.
त्यांनाही ते नक्की माहीत नाही,
म्हणून मी त्यांच्याकडे प्रबंध करते.

विषय: चलन कोसळल्यावरची पत.
कालखंड: त्र्याण्णव ते पंच्याण्णव.
साधनं:
इथे सहा महिने कोरं होतं.
दप्तरखान्यातला माणूस म्हणाला, बाई,
त्या दोन हिवाळ्यांत आम्ही कागद वाचत नव्हतो,
जाळत होतो.

मग चियातुरा. माझंच गाव.
मँगनीजनं काळी झालेली नदी,
बंद पडलेल्या रोपवेचं स्टेशन, त्याच्या पायथ्याशी लामारामावशीचं दुकान.
नीसिया म्हणजे आमच्याकडे उधारी.
चौकटीच्या कागदाच्या अकरा वह्या,
पिठाच्या पोत्यात, तराजूखाली.

"प्रश्नावली नंतर," ती म्हणाली, "आधी खा."
लोबियानीच्या वाफेत माझा चष्मा धूसर,
आणि ती बोट ओलं करून पानं उलटतेय:
लंगडा वाझा.
वरच्या केबलची बाई.
जिची पोरगी मॉस्कोला गेली ती.
माझ्या तक्त्यात रकाना होता, कुटुंबप्रमुखाचा.
तो मी हळूच मिटवला.

तामाझ, ड्रिलवाला.
पाव. पाव. मेणबत्ती. पाव.
अर्धी बाटली तेल. पाव.
खाली गोल करून: चाळीस लाख कूपन.
आजूबाजूच्या नावांवर दोन दोन रेघा,
या नावावर नाही.

बाबांनी हे कधी सांगितलं नव्हतं.
सांगायला ते फार दिवस राहिलेही नाहीत.

मी शिकलेली पोर. मनातल्या मनात भागाकार केला:
दहा लाख कूपनांना एक लारी,
म्हणजे चार लारी. विद्यापीठाच्या कँटीनमध्ये
एक कॉफी, तीही दुधाशिवाय.
पर्समधून पाचाची नोट काढून ठेवली
आणि ठेवताक्षणी लाजले.

लामारामावशीनं ती उजेडात धरली,
खरी आहे का बघितली,
गल्ल्यात टाकली, एक लारी परत दिली.
"हिशेब तो हिशेब," म्हणाली.
मग बराच वेळ काही नाही. फ्रीजची घरघर.

"एलिसो, भट्टीत तीस पाव असायचे
आणि दारात पंचेचाळीस माणसं.
तुझ्या बापाला दिला, म्हणजे कुणाला तरी नाही दिला.
ज्यांना नाही दिला
त्यांची वही मी ठेवली नाही.
ती असती तर तुझा अभ्यास पुरा झाला असता."

पेन माझ्याकडे सरकवलं. "रेघ तू मार."

परतीच्या मार्शरुत्कात चार तास
तो एक लारी मुठीत होता. घाम येऊन
हाताला धातूचा वास लागला.

आज मी मांडणी केली. दातुनानं विचारलं,
नमुना प्रातिनिधिक आहे का?
मी म्हटलं, नाही. वहीत फक्त
ज्यांना पाव मिळाला ते आहेत.
"मर्यादा म्हणून तळटीपेत टाक," कुणीतरी सुचवलं.
बादरी सर काहीच बोलले नाहीत.
त्यांनी खडू उचलला, ठेवला,
आणि त्या हिवाळ्यात ते कुठल्या रांगेत होते
हे विचारायचं माझ्या ओठांवर येऊन राहिलं.

एकेचाळिसावी ओळ: नाव वगळलं.
रक्कम चाळीस लाख.
फेड: हो की नाही?
तिथे कर्सर उघडझाप करतोय.

पेन मी उचललं होतं, एवढं आठवतं.

आणि आज हीटरजवळ बसायची पाळी
माझी आहे.